एका नावडत्या पेपरची बाजू

समाजशास्त्रात पदवी घेताना आमच्या वर्गाने सगळ्यात जास्त बोटं मोडली ती ‘संशोधन पद्धती’ या पेपरच्या नावाने. विचारवंतांचा पेपर सगळ्यांना आवडायचा. मार्क्स, वेबर, दुर्खीम ही नावं बोलण्यात पेरता येतात, वादात समोरच्याला गप्प करता येतं. पद्धतींच्या पेपरात मिरवण्यासारखं काहीच नाही. नमुना कसा निवडायचा, म्हणजे सगळ्यांतून कुणाकुणाला विचारायचं, प्रश्नावली कशी बांधायची, मुलाखतीची नोंद कशी ठेवायची आणि शेवटी काय-वर्ग (chi-square) चाचणी, म्हणजे दोन गोष्टींत दिसणारा संबंध निव्वळ योगायोग आहे का ते तपासणारं गणित. गणितापासून पळून या विषयात आलेल्या मंडळींना ती चाचणी भेटते, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मला तो पेपर आवडायचा. आता दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रश्नावल्या तपासणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे मी निःपक्षपाती आहे असा दावा करत नाही. पण या पदवीत टिकाऊ असं जे काही आहे ते याच पेपरात आहे. बाकीचं कधीही पुस्तक उघडून वाचता येतं.

दुर्खीमचंच घ्या. आत्महत्येवरचा त्याचा ग्रंथ १८९७ चा. जी गोष्ट माणूस अगदी एकट्याने ठरवतो असं आपण धरून चालतो, तिचं प्रमाण एकेका समाजात वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच राहतं. प्रोटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त, सैनिकांत नागरिकांपेक्षा जास्त. म्हणजे कारण एकेकाच्या मनात शोधून भागत नाही, त्याला धरून ठेवणाऱ्या समूहात शोधावं लागतं. हे पहिल्यांदा ऐकताना माणूस चक्रावतो. मग परीक्षा जवळ येते, दुर्खीमने सांगितलेले आत्महत्येचे चार प्रकार पाठ होतात आणि चक्रावणं तिथेच संपतं.

पद्धती शिकवणाऱ्या मॅडमनी तोच ग्रंथ पुन्हा काढला. हे आकडे आले कुठून? सरकारी नोंदींतून. नोंद कोणी केली? कुणा अधिकाऱ्याने, बऱ्याचदा घरच्यांचं ऐकून. मग जिथे आत्महत्या म्हणजे मोठं पाप, तिथले घरचे काय सांगत असतील? वर्ग गप्प. जॅक डग्लस या समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये दुर्खीमवर टीका केली ती याच बाजूने, हे नंतर कळलं.

दुसरा प्रश्न याहून वाकडा. प्रोटेस्टंट जास्त असलेल्या प्रांतांत आत्महत्या जास्त, एवढंच आकडे सांगत असतील, तर जीव देणारे प्रोटेस्टंटच होते कशावरून? त्या प्रांतात मूठभर म्हणून राहणारे कॅथलिकही असू शकतील. विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हा घोळ उघडा करून दाखवला. परदेशात जन्मलेले लोक ज्या राज्यांत जास्त, तिथे निरक्षरता कमी निघाली. एकेक माणूस मोजला तर मात्र उलटंच. परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षर जास्त. स्थलांतरित जाऊन राहिले होते ते स्थानिक लोक जास्त शिकलेले असलेल्या राज्यांत, एवढंच त्यातलं गुपित. तेव्हापासून निवडणुकीच्या निकालानंतर कुणी ‘त्या मतदारसंघात अमके लोक जास्त, म्हणजे त्यांनीच याला पाडलं’ असं म्हणालं की मला रॉबिन्सन आठवतो. मी बोलत नाही. घरच्यांनी हात जोडलेत.

(समाजशास्त्राचा विद्यार्थी साधारण दुसऱ्या वर्षी घरात असह्य होतो. भांडी कोणी घासायची या वादातही त्याला सत्तासंबंध दिसतात. यावर औषध एकच, त्याला पुरावा मागायचा.)

दुर्खीम खोटा ठरला असा मात्र याचा अर्थ नाही. त्याचा प्रश्न आजही उभा आहे. फक्त त्याच्या उत्तराला कुठे टेकू लागतो ते आम्हाला दिसायला लागलं, आणि ग्रंथ पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

वर्गाबाहेरचा पहिला अभ्यास निरीक्षणाचा होता. एखाद्या प्रतीक्षालयात तासभर बसायचं आणि जे दिसेल तेच लिहायचं. सगळ्यांच्या वह्या लाल शाईने भरून परत आल्या. ‘कंटाळलेला तरुण.’ कंटाळलेला कशावरून? ‘गरीब दिसणारी बाई.’ म्हणजे नेमकं काय दिसलं? विशेषणं गाळल्यावर काही वह्यांत चार ओळीसुद्धा उरल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला लोकांना खऱ्या गोष्टी दिसल्या. रिकाम्या खुर्च्या असताना नवा माणूस कुठली निवडतो, पिशवी शेजारच्या खुर्चीवर कधी ठेवली जाते आणि ती कोणाला बघून उचलली जाते, अनोळखी माणसाकडे नजर किती वेळ टिकते आणि मग मुद्दाम कुठे वळते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये याच नजर वळवण्यावर लिहिलं आहे. तू इथे आहेस हे मी पाहिलं, पण तुझ्यात मला नाक खुपसायचं नाही, असा तो न बोललेला करार. आधी वहीत पकडलेली गोष्ट मग पुस्तकात भेटली, की ती पाठ करावी लागत नाही.

प्रश्नावलीचा धडा घरकामावर होता. आमच्या गटाने विचारायला घेतलं, ‘घरकामात रोज किती वेळ जातो?’ मॅडम म्हणाल्या, तसं नको, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते क्रमाने विचारा. वेळेच्या नोंदीची ही पद्धत जुनी आहे. अलेक्झांडर सालाई या हंगेरियन समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली साठच्या दशकात बारा देशांत अशा नोंदी गोळा झाल्या आणि १९७२ मध्ये त्या ग्रंथरूपाने आल्या. एका काकूंनी मला सुरुवातीलाच बजावलं, ‘मी काही विशेष करत नाही गं, घरीच असते.’ कालचा दिवस विचारल्यावर त्यांचं उत्तर माझ्या वहीची दोन पानं भरून खाली उतरलं. त्यात पुन्हा एका वेळी दोन कामं. स्वयंपाक करता करता मुलाचा अभ्यास. हा वेळ कुठल्या रकान्यात टाकायचा यावर आमच्या गटात संध्याकाळपर्यंत भांडण झालं. दोन्हीकडे मोजला तर दिवस चोवीस तासांपेक्षा मोठा होतो, एकाकडे मोजला तर दुसरं काम झालंच नाही असं ठरतं. शेवटी मुख्य काम आणि जोडकाम असे दोन रकाने केले. जगभर तसेच करतात म्हणे. आम्ही ते भांडून मिळवलं, याचं मला अजून अप्रूप आहे.

नमुन्याबद्दल फार लिहीत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाची गोष्ट प्रत्येक वर्गात सांगतात आणि सांगायलाच हवी. सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि साप्ताहिकाने रूझवेल्ट हरणार असं छापलं. तो अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्यांत जिंकला. नावं घेतली होती टेलिफोन आणि मोटारीच्या याद्यांतून, म्हणजे बऱ्यापैकी सुखवस्तू घरांतली, आणि उत्तर पाठवलं ते ज्यांना वाटलं त्यांनी. आजही मोठा आकडा दाखवला की लोक नमतात.

आकड्यांपलीकडचं एक उदाहरण मात्र मला जास्त जवळचं आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातल्या रामपुरा या गावात राहून टिपणं घेतली. १९७० मध्ये स्टॅनफर्डला ते काम करत असलेल्या केंद्राला आग लावली गेली आणि त्या टिपणांवरून तयार केलेलं सगळं साहित्य जळालं. मग त्यांनी बरंचसं आठवणीवर विसंबून पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं. आठवण हा पुरावा धरायचा का, यावर आमच्या वर्गात दोन तट पडले. मी ‘धरायचा, पण आठवण आहे हे सांगून’ या बाजूची. अजूनही तिथेच आहे.

नोकरीचं विचारणाऱ्यांना थोडक्यात सांगते. सर्वेक्षण, पत्रकारिता, मनुष्यबळ विभाग, अध्यापन, सामाजिक संस्था, सगळीकडे आमचे लोक आहेत. पदवीचं नाव बघून कोणी बोलावत नाही, काय करता येतं ते विचारतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम उघडा आणि त्यात स्वतः माहिती गोळा करायचा प्रकल्प आहे का ते बघा. नसेल तर दुसरं कॉलेज शोधा. जोडविषय निवडता येत असेल तर संख्याशास्त्र घ्या, रडत का होईना.

आणि प्रकल्पासाठी कृपा करून ‘समाजमाध्यमांचा तरुणाईवर होणारा परिणाम’ हा विषय घेऊ नका. तुलनेला समाजमाध्यमं न वापरणारी तरुणाई तुम्हाला मिळणार नाही, आणि मिळाली तरी ती इतर दहा बाबतींत वेगळी निघेल. त्यापेक्षा वर्गात कोण कुठल्या बाकावर बसतं ते महिनाभर टिपा. जागा ठरवून दिलेल्या नसतानाही त्या का ठरून जातात, आणि कोणी दुसऱ्याच्या जागी बसलं तर पहिला माणूस काय करतो, एवढं जरी नीट लिहिलंत तरी तोंडी परीक्षेत तुम्हाला बोलायला पुष्कळ असेल.