आज गाडीत, उद्या टाळात

वारी अर्ध्यावर सोडणारा माणूस बहुतेक वेळा सासवडहून परततो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. सासवडपर्यंत त्यातलं एक पंचमांशच झालेलं असतं, पण पाय तेवढ्यात कामातून गेलेले असतात. आम्ही दिंडीचं सामानसुमान, पाणी आणि औषधाची पेटी सांभाळणारी माणसं. त्यामुळे सकाळी कोण पिशवी आवरून एसटीची चौकशी करतोय, ते आम्हाला आधी कळतं. वाक्यही ठरलेलं असतं: "माउली, आपल्याच्यानं नाही होणार."

होतं. पण सासवडला नेमकं काय बिघडलं ते आधी बघावं लागतं, आणि ते सासवडला बिघडलेलं नसतंच. ते पुण्यात बिघडतं.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, नवमीला पुणे, दशमीला पुण्यातच मुक्काम आणि एकादशीला सासवड. हा पुणे-सासवड टप्पा सगळ्या वाटेतला सर्वात लांब, तीस किलोमीटरच्या वर, आणि शेवटाला दिवे घाट. त्यात बहुतेक वर्षी त्याच दिवशी योगिनी एकादशी. म्हणजे सगळ्यात जास्त चाल आणि सगळ्यात कमी अन्न, एकाच दिवशी. नवखा माणूस दशमीला पाय वर करून पडत नाही, तुळशीबाग आणि पर्वती बघून येतो. आठ-दहा किलोमीटर सिमेंटवर फुकट. दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि तीन वेळा चहा एवढ्यावर निघतो. हडपसरच्या गर्दीत चालणं कमी आणि उभं राहणं जास्त. पाय चालण्यापेक्षा उभं राहून जास्त भरून येतात, हे घरी बसून पटत नाही. वडकी नाल्याला दुपार होते, आणि घाटाची चार-पाच किलोमीटरची चढण सुरू होते तेव्हा अंगात मीठही नसतं, पाणीही नसतं.

उपाय साधे आहेत. दशमीला झोप. एकादशीला राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, केळी, उकडलेली रताळी, आणि ताकात किंवा लिंबूपाण्यात सैंधव. ज्याला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यानं त्या दिवशी उपास करू नये. आमच्या दिंडीत त्याच्यासाठी वेगळी भाकरी होते आणि कुणी नाक मुरडत नाही. घाटात साखर खाली गेली तर माणूस गप्प होतो, घामाघूम होतो, असंबद्ध बोलू लागतो. शेजारच्याला वाटतं, भजनात रंगलाय.

आता पाय. फोड येतो तो घाम आणि घासणं एकत्र आल्यावर. नुसत्या चालण्यानं येत नाही. नवीन बूट घालून वारीला येणारा दर वर्षी भेटतोच. बूट किंवा सँडल निदान शंभर किलोमीटर वापरलेले असावेत आणि अर्धा नंबर मोठे, कारण चौथ्या दिवशी पाऊल सुजतं. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओला राहतो, म्हणून नायलॉन मिश्रणाचा पातळ मोजा, तीन जोड, प्रत्येक विसाव्याला बदलायचा आणि ओला पिशवीला पिनेनं टांगून वाळवायचा. वारीला निघण्याआधी तीन दिवस नखं सरळ कापायची, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं. जांघेत आणि काखेत सकाळीच पेट्रोलियम जेली. सोलवटल्यावर लावायची नाही, आधी लावायची. लाजेनं हे कुणी बोलत नाही, पण जांघ सोलवटलेला माणूस पाय फाकून चालतो, त्यानं गुडघा धरतो, आणि गुडघ्यामुळे वारी सुटली असं सांगत घरी जातो.

फोड येण्याआधी अर्धा तास तिथं चुरचुरतं. तेव्हाच रस्त्याच्या कडेला बसायचं, जागा कोरडी करायची आणि कागदी चिकटपट्टी लावायची. तीन मिनिटांचं काम आहे. "पुढच्या विसाव्याला बघू" म्हटलं की फोड आला. आलाच, आणि लहान असला तर फोडायचा नाही. मोठा आणि ताणलेला असेल तर मुक्कामावर साबणपाण्यानं पाय धुवायचा, पुसायचा, स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं फोडाच्या खालच्या कडेला दोन टोचे द्यायचे आणि स्वच्छ गॉजनं हलकेच दाबून पाणी काढायचं. वरची कातडी काढायची नाही, आतल्या कोवळ्या कातडीचं तेच पांघरूण. वर पोव्हिडोन आयोडीन, गॉज, पट्टी. फोडातून सुईदोरा ओवून दोरा तसाच ठेवायची जुनी पद्धत अजून चालते, आणि जेजुरी-वाल्ह्याला पू झालेले पाय आमच्याकडे येतात ते बहुतांशी त्याच दोऱ्याचे. मधुमेही माणसानं अनवाणी चालायचं नाही आणि रोज रात्री दुसऱ्याकडून तळवे बघून घ्यायचे. त्याला काटा रुतलेला बरेचदा कळतच नाही.

सराव दोन महिने आधी सुरू करावा. पाच किलोमीटरनं सुरुवात करून हळूहळू पंधरापर्यंत, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शनिवार-रविवार असे दोन दिवस लागोपाठ चालायचं. एक दिवस वीस किलोमीटर कुणीही चालतो. कालच्या दुखऱ्या पायावर आज चालता येतं का, एवढीच वारीची परीक्षा असते, आणि ती घरीच देऊन ठेवता येते.

एवढं करूनही माणूस पडतो. मग गाडीचा प्रश्न येतो.

दिंडीचा ट्रक सकाळी सामान आणि तंबू घेऊन पुढं जातो. त्यात बसणं म्हणजे हरणं, असा समज तरुण मुलांत फार आहे, जुन्या वारकऱ्यांत अजिबात नाही. चाळीस-चाळीस वाऱ्या झालेली माणसं कण्हत एक टप्पा ट्रकमध्ये बसतात आणि दुसऱ्या दिवशी काकड्याला टाळ घेऊन उभी असतात. आम्ही नियमच करून टाकला आहे. ताप, छातीत दुखणं, धाप, चहासारखी गडद लघवी, एकाच पोटरीला सूज, पू झालेली जखम, यातलं काही असेल तर विचारायचं नाही, गाडीत बसवायचं आणि पुढच्या आरोग्य पथकाकडं न्यायचं. छातीत दुखत असेल किंवा धाप लागली असेल तर ट्रकची वाटसुद्धा बघायची नाही, जवळची रुग्णवाहिका गाठायची. बाकी दुखण्याला एक टप्पा गाडी, संध्याकाळी मुक्कामावर दोन किलोमीटर सावकाश फिरणं, आणि सकाळी पुन्हा पायी. पूर्ण दिवस पडून राहिलेला पाय आखडतो.

वेदनाशामक गोळीचं मात्र सांभाळा. रिकाम्या पोटी, पाणी कमी पडलेल्या अंगात दिवसाला तीन-चार गोळ्या म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. गोळीनं दुखणं दबतं, इजा चालूच राहते, आणि मग एका टप्प्याची गाडी होती तिथं वारी जाते.

औषधांचा आणखी एक घोटाळा: रक्तदाबाच्या गोळ्या ट्रकमधल्या पिशवीत. ट्रक एकदा गेला की रात्रीशिवाय भेट नाही, आणि पाऊस लागला तर राहुटी कुठं लागली ते शोधण्यात आणखी दोन तास. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत, तीन किलोच्या आत, एवढंच: दोन दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकमध्ये, एक मोजाजोड, पंचा, पट्टी, पाणी, जलसंजीवनीच्या दोन पुड्या, प्लास्टिकचा कागद. पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. पेल्यात निम्मी टाकून पिणारे जुलाब वाढवून घेतात.

बायकांची वारी सुटते ती पायांनी कमी, पाण्यानं जास्त. शौचाला आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीला जळजळ, फलटणपर्यंत थंडीताप. हे इतकं ठरलेलं आहे की आम्ही तारीख सांगू शकतो. आता मुक्कामांवर फिरती शौचालयं असतात, पण रात्री अडीच-तीनला, म्हणजे खरी गरज असते तेव्हा, ती कुठं आहेत हेच ठाऊक नसतं. आम्ही तंबू उभारायच्या आधी एक जण पाठवून जागा बघून घेतो आणि तिथपर्यंत दोन दिवे लावतो. शिवाय स्वतःची एक लहान राहुटी: चार बांबू, ताडपत्री, दोन बादल्या, एक दिवा. ही राहुटी आल्यापासून दिंडीतलं तापाचं प्रमाण ढळढळीत कमी झालं. कीर्तनाला मोठा मंडप देणारे दाते खूप भेटतात, या ताडपत्रीला कुणी भेटत नाही, ती भिशीतूनच, म्हणजे दिंडीच्या वर्गणीतूनच घ्यावी लागते.

वाल्ह्याहून पुढं नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान झालं की सातारा जिल्हा लागतो. लोणंद, तरडगाव, फलटण. तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून माउलींचा अश्व धावतो तो सोहळा. इथपर्यंत आलेला माणूस सहसा परत जात नाही. चालण्याची लय लागलेली असते. पण वेगळ्या चुका सुरू होतात. बरं वाटायला लागल्यावर माणूस दिंडी सोडून मोकळ्या समाजात, म्हणजे दिंडीबाहेर चालणाऱ्यांत पुढं पळतो, ताशी पाच किलोमीटरच्या वेगानं, आणि विसाव्यावर दोन तास थंड होऊन बसतो. नडगी धरते ती अशी. वेळापूरच्या आधी धावा असतो, उतारावरून सगळे धावतात. तिथं घोटे मुरगळतात. नाचायचं, फुगडी घालायची, सगळं करायचं, फक्त बुटाची नाडी नीट बांधून आणि पिशवी खाली ठेवून.

वारीत चुका लपवायची सोय नाही, आणि आमच्या मते वारी टिकली आहे त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे. मुक्कामाला पालखी तळावर आली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ चालू. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड उंचावतात आणि एकदम शांतता पडते. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात: पाण्याचा टँकर आला नाही, चालताना क्रम मोडला, जागा दुसऱ्यानं घेतली. तिथंच निवाडा किंवा समजूत. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा. कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाची म्हातारी आई. त्यानंतर आरती. आज जे बिघडलं ते आजच, सगळ्यांसमोर; उद्याच्या टप्प्यावर ते न्यायचं नाही. आम्ही हेच छोट्या प्रमाणावर राहुटीत करतो. जेवणाआधी पाच मिनिटं, आज काय चुकलं एवढंच, कुणामुळं ते नाही. मीठ संपलं होतं. पाणी पंधरा मिनिटं उशिरा आलं. दोन आजी मागं राहिल्या आणि कुणाला कळलं नाही. या शेवटच्या चुकीनंतर शेवटच्या रांगेत एक शिट्टीवाला ठेवला, तो आजतागायत आहे.

सेवा करायची इच्छा असणाऱ्यांसाठीही थोडं. पुण्यात आणि सासवडला एका वारकऱ्याला दिवसात पाच जण बिस्किटं देतात, पुडे तिथंच गटारात जातात. पुढं पंढरपूर जवळ आल्यावर, वेळापूर-भंडीशेगावकडं, तोच माणूस चप्पल शिवायला मोची शोधत असतो. खाण्यापेक्षा हाताची कामं द्या. चप्पल शिवणं, दाढी-केस, पाय चेपणं, फोन चार्ज करून देणं. पाणी द्यायचं तर नळ लावलेला टाकीचा ट्रॅक्टर उभा करा, बाटल्या नकोत. माणशी तीन-चार लिटर पिण्याचं धरलं तरी दीडशे जणांना रोज साडेचारशे ते सहाशे लिटर लागतं, अंघोळीचं आणि स्वयंपाकाचं वेगळं. शिधा द्यायचा तर विचारून: एवढ्या माणसांच्या एका वेळच्या पोळ्यांना वीस किलो कणीक, पिठल्याला सहा किलो बेसन, भाताला बारा किलो तांदूळ. मुक्कामावर अचानक आलेली पन्नास किलो साखर सांभाळायची कुठं?

2020 आणि 2021 साली पायी वारी निघालीच नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. 2022 साली परत आलेल्यांत पाय विसरलेली पुष्कळ माणसं होती. त्या वर्षी आमची गाडी नेहमीपेक्षा जास्त भरली होती आणि औषधाची पेटी फलटणलाच रिकामी झाली. आता ती दुप्पट भरतो, आणि रोज रात्री काय संपलं ते वहीत लिहितो.

वाखरीहून दशमीला पंढरपुरात शिरल्यावर दात्यांना आणि बहुतेकांना वारी संपली असं वाटतं. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होतो आणि पालखी उलटी निघते. जाताना अठरा-वीस दिवस लागलेलं अंतर परतीला दहा-अकरा दिवसांत कापायचं असतं, म्हणजे रोज दुप्पट टप्पे. माणसं मूठभर. रस्त्याला मंडप नाहीत, केळी नाहीत, आरोग्य पथकं तुरळक. पाऊस मात्र तोवर जोरात लागलेला असतो. पट्ट्या, कोरडे मोजे आणि गरम भाकरी यांची खरी टंचाई या वाटेवर असते. कुणाला काही द्यायचं असेल तर तिथीचा हिशेब करून परतीच्या मुक्कामावर संध्याकाळी पाचच्या सुमारास उभं राहावं. पालखी अंधार पडायच्या आत पोचलेली असते, आणि पहिल्यांदा विचारतात ते गरम पाणी आहे का.