गोल कुणाच्या नावावर?

शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचला पंच म्हणून उभं राहायचं असलं की आदल्या दिवशी मी दाढीसुद्धा घरीच करतो. कोल्हापुरात सलूनवालाही कुठल्या ना कुठल्या तालमीचा, म्हणजे तिच्या फुटबॉल संघाचा, असतो आणि वस्तरा त्याच्या हातात असतो.

त्या दिवशी दोन पेठांच्या संघांची गाठ होती. नावं सांगत नाही, दोन्हीकडं माझे पाहुणे राहतात. सुरुवात नेहमीसारखी ताईत काढण्यापासून झाली. फुटबॉलच्या नियम-पुस्तकातल्या नियम 4 प्रमाणं अंगावर कुठलाही दागिना चालत नाही, वरून चिकटपट्टी लावूनही नाही. आमच्याकडं दागिने कमी, काळे दोरे, रुद्राक्ष आणि ताईतच जास्त. एका पोरानं ताईत मॅनेजरच्या हातात देताना माझ्याकडं असं बघितलं, की आता जे काही वाईट होईल ते माझ्यामुळंच. एका अर्थी त्याचं खरंही ठरलं.

उत्तरार्धाची शेवटची दहा मिनिटं. एक-एक बरोबरी. कॉर्नर आला, बचाव करणाऱ्यांनी डोक्यानं बाहेर काढला. आत दोन गडी एकमेकांचे शर्ट ओढत होते, ते नीट दिसावं म्हणून मी दोन पावलं पेनल्टी एरियात, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीत, सरकलो. एवढंच चुकलं. पंचानं चेंडू आणि गोल यांच्या मध्ये यायचं नसतं, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. बाहेरून फटका आला, माझ्या पोटरीवर आदळला, दिशा बदलली. गोलकीपर डावीकडं झेपावला, चेंडू उजवीकडून आत.

मी शिट्टी मारली आणि हात मधल्या वर्तुळाकडं केला, म्हणजे गोल दिला.

विचार केलाच नाही. वीसेक वर्षं शिट्टी वाजवतोय, त्यातली बरीचशी जुन्या नियमाखाली गेली. तेव्हा पंच म्हणजे मैदानातला खांब. चेंडू लागला तरी खेळ चालू, आत गेला तर गोल. हात त्या सवयीनं गेला. गॅलरीत हलगी कडाडली, फटका मारणारा शर्ट काढून पार कोपऱ्यापर्यंत पळत गेला. शर्ट काढला की पिवळं कार्ड, त्यात सूट नाही. दाखवलं. वही काढली, त्याचा नंबर लिहिला, मिनिट लिहिलं. मग गोलच्या रकान्याशी आलो आणि पेन थांबलं. गोल कुणाचा लिहायचा? चेंडू शेवटचा लागला होता मला.

तिथं डोकं ताळ्यावर आलं. 2019 पासून नियम 9 बदलला आहे. पंचाला लागून चेंडू सरळ गोलमध्ये गेला तर गोल नाही, खेळ थांबवून ड्रॉप बॉल, म्हणजे पंचानं चेंडू हातातून खाली सोडून खेळ पुन्हा सुरू करायचा. मान वर केली तर माझा लाइन्समन (नियमाच्या पुस्तकात असिस्टंट रेफ्री) जागेवरच उभा. गोल मान्य असता तर तो मधल्या रेषेकडं पळाला असता. आमच्याकडं कानातली यंत्रं नाहीत, नजर आणि निशाण एवढंच. त्यानं फक्त मान हलवली.

गोल खाल्लेला संघ चेंडू मध्ये ठेवून घाईवर आला होता. मी शिट्टी दिली असती तर विषय संपला होता. खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय फिरवता येत नाही, नियम 5. खोटं कशाला बोलू, तसंच होऊ द्यावं असं क्षणभर वाटलं. कुणालाच कळलं नसतं. ज्यांना कळलं असतं ते जिंकत होते किंवा तोंड पाडून उभे होते.

दोन्ही कॅप्टनना बोलावलं. "गोल रद्द. चेंडू मला लागलाय."

"लागला तर लागला की ओ! पंच म्हंजे वारा, आमचा आज्जा सांगायचा."

"आज्जाच्या वेळचा नियम बदलला."

"मग आधी कशाला दिलासा?"

ह्याला उत्तर नव्हतं. "माझं चुकलं" म्हणालो. कॅप्टन गप्प झाला. पंचाकडून ते ऐकायची त्याला सवय नसावी. गॅलरी मात्र गप्प बसली नाही. पाण्याच्या बाटल्या आल्या, एक चप्पल आली, जोडीतली एकच. पोलिस पुढं सरकले. मी मैदानाच्या मधोमध उभा राहिलो. बाटल्या थांबल्या नाहीत तर मॅच बंद करायचा अधिकार मला होता, पण तो वापरला असता तर बाहेर कसा पडलो असतो कोण जाणे. पाच-सहा मिनिटांनी निवळलं.

खरा भडका त्यानंतर. चेंडू मला लागला तेव्हा मी पेनल्टी एरियात होतो, म्हणून ड्रॉप बॉल गोलकीपरलाच मिळतो, बाकी सगळे 4 मीटर लांब. म्हणजे गोलही गेला, चेंडूही गेला. वर ते पिवळं कार्ड कायम. गोल रद्द झाला म्हणून शर्ट काढल्याचं कार्ड रद्द होत नाही. तो पोरगा नुसता बघत राहिला. "गोलच न्हाई तर मी शर्ट कशाला काढला?" त्याचा प्रश्न रास्त होता. कार्ड तसंच ठेवलं.

मॅच एक-एक सुटली. अहवालात सगळं लिहिलं: मी कुठं उभा होतो, आधी गोल दिला, खेळ सुरू व्हायच्या आत फिरवला. खोलीत लाइन्समन बूट सोडत म्हणाला, "सर, मी हललोच नव्हतो. हात करायच्या आधी माझ्याकडं बघितलंच नाही तुम्ही." पोटरीवर तोवर काळंनिळं उमटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर गेलो. गाडेवाला हरलेल्यांचा की जिंकलेल्यांचा हा प्रश्नच नव्हता, कारण कुणीच जिंकलं नव्हतं. त्यानं कप पुढं केला आणि विचारलं, "पंच, गोल करणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव कुठल्या पेठेकडनं लावायचं?"