तुम्ही विचारलंत म्हणून: एकवीस की ब्याण्णव?

नोकरीत असताना मी नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणासाठी, म्हणजे रोजगार-बेकारीच्या सरकारी पाहणीसाठी, घरोघर फिरून माहिती भरत असे, हे कळले की बहुतेकजण एकच प्रश्न विचारतात: दिवसभर घरात राबणारी बाई तुमच्या श्रमबलात का धरत नाहीत? परवा एका लग्नाच्या पंगतीतही तोच प्रश्न आला, म्हणून एकदाचे सविस्तर लिहितो.

व्याख्या मी केलेली नाही. जो काम करतो तो आणि जो कामाच्या शोधात आहे तोही श्रमबलात येतो. म्हणजे बेकार मुलगा आत, आणि त्याला रांधून वाढणारी आई बाहेर. तिला आत घेतले तर जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस आत येईल आणि बेकारीच्या दराला अर्थ उरणार नाही, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. शिवाय काम कशाला म्हणायचे याची आपल्याकडची रेषा वाटते तितकी आखूड नाही: घरापुरते धान्य पिकवणे, घरच्या दुधासाठी म्हैस पाळणे हेही काम धरतात. तेच दूध घरासाठी विरजून लोणी काढले, की मात्र ते घरकाम. रेषा नेमकी ताकाच्या रवीपाशीच का यावी, हे मला आजही कोणाला पटवून देता येत नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात माण तालुक्यातल्या एका वस्तीवर होतो. स्वतःची माहिती सांगून झाल्यावर कुटुंबप्रमुख बायकोबद्दल म्हणाला, "ती काही करत नाही, घरीच असते." ती समोरच गोठ्यात, कोपरापर्यंत पेंडीने भरलेल्या हातांनी डेअरीला घालायच्या दुधाच्या किटलीचे झाकण फडके लावून घट्ट बसवत होती. घरच्या उद्योगात बिनपगारी मदत असेल तर २१ आणि निव्वळ घरकाम असेल तर ९२, हे दोन संकेतांक मी झोपेतही सांगितले असते. म्हशींचे कोण बघते, एवढेच विचारायचे बाकी होते. ऊन चढले होते, अजून चार घरे राहिली होती. मी ९२ भरला. निघताना तिने विचारले, "माझं काय लिवलं?" मी म्हणालो, "घरकाम." "बरं," म्हणून तिने किटली उचलली आणि नवऱ्याच्या मोटारसायकलला अडकवली.

एका घराने देशाचा आकडा हलत नाही, असे मी तेव्हा स्वतःला बजावले; पण नमुना पाहणीत एक घर अनेक घरांच्या वतीने बोलत असते, हेही मला ठाऊक होते. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला, आणि या वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगारातला आहे. बायका अधिक राबू लागल्या की विचारणारे नीट विचारू लागले, या वादात मी दोन्ही बाजूंनी भांडलो आहे.

तुम्ही दोष व्याख्येला देता. त्या बाईच्या बाबतीत व्याख्या चुकली नव्हती. व्याख्येप्रमाणे ती आतच होती, तिला बाहेर मी ठेवले. मात्र हे कबूल केले तरी व्याख्या सुटते असे नाही, कारण मी २१ भरला असता तरी तिच्या दोन वेळच्या भाकऱ्या आणि भांडी-धुणी त्या नोंदीत आलीच नसती.