न बिघडलेला स्विंगआर्म दर वर्षी का खोलायचा?

तुळजापूर रस्त्याकडच्या मुरमाच्या माळावर माझ्याबरोबर गाडी चालवायला येणारी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. गाडी उत्तम चालत असताना, मागून कसलाही आवाज येत नसताना, दर वर्षी खंडेनवमीच्या आधी तुम्ही मागचे चाक, स्विंगआर्म आणि त्याखालची सगळी लिंकेज खोलून का बसता? गेल्या आठवड्यात बार्शीच्या एका तरुणाने हेच फार आस्थेने विचारले. त्याने नुकतीच एक जुनी डर्ट बाइक घेतली आहे. उभ्याउभ्या दिलेले उत्तर मला अपुरे वाटले, म्हणून ते येथे नीट लिहितो.

स्विंगआर्म म्हणजे मागचे चाक धरून ठेवणारा दुपाखी दांडा. तो एका लांब पिव्होट बोल्टने फ्रेमला जोडलेला असतो आणि त्या बोल्टभोवती वर-खाली हलतो. बहुतेक मोटोक्रॉस, म्हणजे कच्च्या वाटेवर उड्या मारत शर्यत करणाऱ्या, गाड्यांत स्विंगआर्म आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्या मध्ये एक रॉकर, म्हणजे झुलणारा तुकडा, आणि एक-दोन लिंक, म्हणजे जोडदांड्या, असतात. चाक वर येऊ लागले की सुरुवातीला शॉक हळू दबावा आणि जसजसे चाक आणखी वर येईल तसतसा तो अधिक वेगाने, अधिक विरोध करत दबावा, यासाठी ही मधली जोडणी, म्हणजेच लिंकेज, आहे. कावासाकीची युनि-ट्रॅक, होंडाची प्रो-लिंक आणि सुझुकीची फुल फ्लोटर या रचना 1980 च्या आसपास आल्या आणि तेव्हापासून हीच पद्धत रुळली. पूर्ण आकाराच्या मोटोक्रॉस गाडीचे मागचे चाक सुमारे 300 मिलिमीटर वर-खाली होते, तर शॉकचा दांडा त्याच्या निम्म्याहूनही कमी सरकतो. त्यामुळे लिंकेजमध्ये एक मिलिमीटर ढिलाई आली, तर चाकापाशी ती दुपटीहून अधिक होते.

माझ्या उत्तराचा गाभा या सांध्यांतल्या बेअरिंगमध्ये आहे. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग चालवत असत, त्यामुळे फिरणाऱ्या बेअरिंगशी माझी ओळख लहानपणापासूनची आहे. मागाचा शाफ्ट सतत पूर्ण फिरतो, प्रत्येक गोळीला ग्रीस पुनःपुन्हा मिळत राहते आणि बिघाड होण्याआधी आवाज येऊ लागतो. लिंकेजमधली नीडल बेअरिंगे तशी नाहीत. तेथे सुईसारखे बारीक रोलर एकमेकांना खेटून बसवलेले असतात, कारण लहान जागेत फार मोठा भार पेलायचा असतो. पण तो सांधा कधीच पूर्ण फिरत नाही, काही अंशांतच मागे-पुढे होतो. परिणामी त्याच रोलरवर, आणि रोलर ज्या गुळगुळीत नळीवर टेकतात त्या बुशच्या त्याच जागी, प्रत्येक उडीनंतरचा मार बसतो. तेथले ग्रीस बाजूला सरकले की परत येत नाही. मग बुशवर रोलरच्या रुंदीचे बारीक चरे उमटतात आणि त्या चऱ्यांत पाणी शिरले की गंज धरतो. हे सगळे रबरी सीलच्या आत, आवाज न करता घडते. चालवणाऱ्याला एवढेच जाणवते की शॉक हल्ली जरा ताठ झाला आहे, आणि तो शॉकचा ताठपणा बदलणारा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवत बसतो. आवाज येईपर्यंत थांबायचे ठरवले, तर बेअरिंग, बुश आणि कधीकधी बोल्टही बदलण्याची वेळ आलेली असते.

त्यात आपली काळी माती. लिंकेज इंजिनाच्या मागे, गाडीच्या सर्वांत खालच्या भागात असते, म्हणजे चिखलाचा पहिला लोंदा तेथेच बसतो. मुरूम झटकला जातो. काळी माती मात्र ओली असताना फुगते, चिकटते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. वरून कोरडी दिसली तरी तिच्या पोटात ओल कितीतरी दिवस टिकते. ती ओल सीलच्या कडेला लागून राहते. लोक हा चिखल काढायला गाडी वॉशिंग सेंटरवर नेतात आणि जोरदार पाण्याचा झोत थेट त्या सांध्यांवर मारतात. माझ्या मते चिखलापेक्षा या झोतानेच अधिक बेअरिंगे खराब होतात. बादलीभर पाणी, ब्रश आणि थोडा वेळ एवढे पुरते.

हे मी अनुभवाने शिकलो. माझी पहिली डर्ट बाइक जुनी घेतलेली होती आणि विकणाऱ्याने मागचा भाग कधीच खोललेला नव्हता. पिव्होट बोल्ट इंजिनाच्या केसिंगमधून आरपार जातो आणि तो आतल्या बुशमध्ये गंजून जाम झाला होता. दोन दिवस गंज सोडवणारे तेल पाजले, गरम केले, ठोकले. बोल्ट हलला नाही. अखेर फ्रेम आणि स्विंगआर्म यांच्या फटीतून पाते घालून तो दोन्ही बाजूंनी कापावा लागला आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्या काकांनी उरलेला तुकडा मोठ्या धीराने काढून दिला. वेळेवर लावलेल्या बोटभर ग्रीसने ते टळले असते, याचे मला आजही वाईट वाटते.

खोलण्याचे काम एका दुपारचे आहे. गाडी स्टँडवर घेतल्यावर आधी चाक हाताने वर उचलून पाहावे. शॉक हलण्याआधी टक्क असा धक्का जाणवला तर लिंकेजमध्ये प्ले, म्हणजे ढिलाई, आहे. चाक काढल्यावर स्विंगआर्म आडवा हलवावा. तेथला प्ले पिव्होटचा असतो. चेनची जोडकडी उघडावी, ब्रेकचा कॅलिपर तारेने फ्रेमला बांधून ठेवावा म्हणजे होजवर ताण येत नाही, आणि डिस्क बाहेर असताना ब्रेकच्या पेडलला कोणालाही पाय लावू देऊ नये. नंतर लिंकचे बोल्ट, शॉकचा खालचा बोल्ट आणि शेवटी पिव्होट. प्रत्येक बोल्ट कोणत्या बाजूने घातला होता याचा फोटो काढून ठेवावा. पिव्होट बोल्ट ठोकताना पितळी दांडा वापरावा. लोखंडाने त्याचे तोंड फुलले की तो भोकातून बाहेर येत नाही.

बुश काढण्याआधी खाली पांढरा टॉवेल पसरावा. पुष्कळ गाड्यांत या रोलरना वेगवेगळे धरून ठेवणारा पिंजरा नसतो, ते केवळ ग्रीसच्या चिकटपणावर जागेवर बसलेले असतात आणि बुश निघताच सांडतात. आपल्या गावात टॉवेलच्या कारखान्यांमुळे कापडाचे तुकडे मुबलक मिळतात, याचा मला या कामात फार आनंद होतो. रोलर मोजून ठेवावेत, डिझेलमध्ये धुऊन पूर्ण कोरडे करावेत. बुशवरून नख फिरवावे. नख कोठे अडकले तर बुश आणि बेअरिंग दोन्ही बदलावीत. जुन्या बुशवर नवे बेअरिंग बसवणे मला मान्य नाही, कारण चरे पडलेला बुश नव्या रोलरनाही लवकरच खराब करतो. नवे बेअरिंग हातोडीने ठोकू नये. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून, भोकाची जागा थोडी गरम करून, व्हाइसमध्ये योग्य मापाच्या सॉकेटने सरळ दाबत न्यावे आणि जुने जितके आत होते तितकेच आत बसवावे.

ग्रीस पाण्याला टिकणारे हवे. पुस्तिकेने मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस सांगितले असेल तर तेच वापरावे; नाहीतर कॅल्शियम सल्फोनेटचे ग्रीस मला आपल्या पावसाळ्यासाठी उत्तम वाटते. ते रोलरच्या प्रत्येक फटीत बोटाने दाबून भरावे, सीलच्या ओठांना लावावे आणि पिव्होट बोल्टच्या अंगालाही पातळ हात द्यावा. नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने, त्या गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यानुसारच आवळावेत. मग चेनचा ढिलेपणा पाहावा आणि स्वार बसल्यावर मागचा भाग किती खाली येतो तेही मोजावे. पूर्ण आकाराच्या गाडीत ते साधारण 100 मिलिमीटर असावे. सांधे मोकळे झाल्यावर हा आकडा अनेकदा बदललेला आढळतो.

बार्शीच्या तरुणाने जाता जाता आणखी एक विचारले: ग्रीस निपल, म्हणजे पंपाने ग्रीस भरण्याचे तोंड, बसवून घेतले तर हे खोलणे टळेल का? टळणार नाही. पंपाने भरलेले ग्रीस सोप्या वाटेने बाहेर पडते, भाराखालचा कोरडा भाग कोरडाच राहतो आणि आतली माती आतच राहते. शिवाय मूळ रचनेत नसलेले भोक स्विंगआर्मला पाडावे, हे मला पटत नाही. त्याची गाडी येत्या रविवारी माझ्या अंगणात खोलायची ठरली आहे. पिव्होट बोल्टला गंज सोडवणारे तेल आजपासूनच पाजायला मी त्याला सांगितले आहे.