दुसऱ्यानं खोललेली फियाट

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात माझं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे मोटरीत तार नव्यानं गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. शेतकऱ्यांचे पंप, चक्कीच्या मोटरी, उन्हाळ्यात कूलर. बावीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. जळालेली मोटर सोपी, दुसऱ्यानं खोलून ठेवलेली अवघड. जळालेल्या मोटरीत किती वेढे होते, कोणत्या गेजची तार होती, ते मोजता तरी येतं. खोललेलीत ते खोलणाऱ्याच्या डोक्यात राहून जातं.

गिरडच्या रस्त्यावरच्या एका गावात 1966 ची फियाट 1100 डी अर्धवट खोललेली विकायला आहे, असं कळलं तेव्हा म्हणूनच मन धावलं तरी पाय अडला. आमच्या गावात नवरदेव यायचा तो अशाच फियाटमधून. स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर पाहायला आम्ही पोरं खिडकीला चिकटायचो.

गाडी एका निवृत्त मास्तरांची. 2019 मध्ये त्यांनी ती स्वतः खोलली, 2021 मध्ये ते गेले. काकूंनी कोठ्याचं दार उघडून दिलं. "सात पोते हायेत भाऊ सामानाचे. त्याइले सारं मालूम होतं, मले काहीच मालूम नाही." किंमत नव्वद हजार, तीही त्यांच्या मोठ्या मुलानं सांगितलेली.

पहिल्या रविवारी मी अंगणात ताडपत्री अंथरली आणि पोती रिकामी केली. लोणच्याच्या बरण्यांत नटबोल्ट होते आणि प्रत्येक बरणीत मास्तरांच्या अक्षरातली चिठ्ठी. 'पुढचा डावा विशबोन.' 'कार्बोरेटर, जेट धुतले.' 'दाराची कडी, स्प्रिंग उलटी बसते.' मी तिथंच खाली बसलो. माणूस गेला, पण त्याच्या डोक्यातलं बरंच काही या बरण्यांत शिल्लक होतं. पाच पोती अशी नीट होती. उरलेल्या दोन पोत्यांत मात्र चिठ्ठी नाही, पिशवी नाही, सगळं गंजून एकमेकांत अडकलेलं. काकू म्हणाल्या, ते आजारी पडल्यावर एका वेल्डिंगवाल्याला काम दिलं होतं. तो महिनाभर आला, मग आलाच नाही.

नसलेल्या वस्तूंची यादी केली. एका हेडलाइटची रिंग, ग्रिलचा मधला तुकडा, डॅशबोर्डच्या खणाचं झाकण. यांत्रिक सामानाची मला फार काळजी नव्हती. हीच गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1972 मध्ये प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी नावानं निघाली, त्यामुळे पुष्कळ भाग एकमेकांना चालतात. पण मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. त्या टॅक्स्यांमुळे जे सामान बाजारात राहत होतं, ते आता दरवर्षी कमीच होणार. घ्यायची तर लवकर, नाहीतर राहू द्यायची.

इंजिन 1089 सीसीचं. प्लग काढून चारही सिलिंडरांत ऑइल टाकलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. दुसऱ्या रविवारी पुलीला पाना लावून जोर दिला. आधी हललं नाही, मग कुरकुरत पूर्ण फेरा फिरलं. तेव्हा काकूसुद्धा ओट्यावरून उठून आल्या.

खरी अडचण पत्र्यात निघाली. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. दाराखालचा सिल, म्हणजे चौकटीचा तळाचा पत्रा, गेला म्हणजे घराची तुळई गेली. गाडी सहा वर्षं ढोरांच्या कोठ्यात उभी. खालून शेणामुताची ओल, पावसाळ्यात काळ्या मातीची ओल, वरून आपला पंचेचाळीस डिग्रीचा उन्हाळा. रबराचं बीडिंग बोटानं दाबलं की तुटत होतं. डावा सिल वेल्डिंगवाल्यानं कापून नवा पत्रा मारलेला, वरून चकचकीत रेड ऑक्साइड. पण डावं दार लावून पाहिलं तर वरच्या कोपऱ्यात बोट जात होतं. मी सूत काढलं आणि दोन्ही बाजूंच्या दारांच्या चौकटी कर्णात मोजल्या. डावीकडे चौदा मिलिमीटरचा फरक. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप टेकू म्हणून लावायचे असतात. त्यानं ते लावले नव्हते, बॉडी मधून बसली.

मला त्या माणसाचा मनापासून राग आला. मास्तरांनी स्प्रिंग उलटी बसते हेसुद्धा लिहून ठेवलं आणि यानं एका महिन्यात गाडी वाकडी करून ठेवली.

हिंगणघाटहून डेंटिंगवाल्या चाचांना आणलं. त्यांनी गाडीखाली झोपून अर्धा तास पाहिलं. म्हणाले, होईल, पण त्याचं सगळं वेल्डिंग तोडून, टेकू देऊन, पुन्हा. पत्रा आणि पेंट मिळून दीड लाखाच्या खाली नाही.

कागदाचंही पाहिलं. आरसी बुक मास्तरांच्या नावावर, 1989 च्या आधीचा तीन अक्षरांचा नंबर, इंजिन नंबर जुळतो. आधी फॉर्म 31 भरून गाडी काकूंच्या नावावर व्हायला हवी, त्यासाठी दोन्ही मुलांची संमती, मग 29 आणि 30 वर माझ्या नावावर. 2021 च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. मला ती नको. मला या गाडीतून घरच्यांना घेऊन गिरडच्या टेकडीवर जायचं आहे, जामच्या चौरस्त्यावर चहा प्यायचा आहे. म्हणून साधी नोंदणीच नव्यानं करून घ्यायची. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी गाडीच्या पेट्रोल पंपाचा रबरी डायफ्राम आणि सगळे होज बदलावे लागतील, तेही धरलं.

गाडी घ्यायचे पैसे कापसाचे. 2025-26 च्या हंगामात चौदा क्विंटल झाला, तेव्हा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 होता. त्यातले पोरीच्या बारावीचे बाजूला काढले, त्याला हात नाही. बायकोनं हिशोबाची वही दोनदा वाचली आणि एकच म्हणाली, "घ्याची असन त घ्या, पण कोठ्यात ठेवू नका."

तिसऱ्या रविवारी काकूंना सूत धरायला लावून तो चौदा मिलिमीटरचा फरक दाखवला. त्यांच्यापासून लपवून भाव पाडायचा नव्हता. पंचेचाळीस हजार सांगितले, बरण्यांसकट. आणि म्हटलं, गाडी कोणीही घेतली तरी चिठ्ठ्या फेकू देऊ नका. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग गाडीचा डायनामो, बॅटरी चार्ज करणारा, माझ्या हातात दिला. "हे तर तुमचंच काम आहे न?"

चार दिवस तो माझ्या बाकावर होता. आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, ग्रोलर या वेढे तपासायच्या यंत्रावर तपासलं, शाबूत निघालं. कम्युटेटर, म्हणजे ब्रश घासतात ते तांब्याचं कडं, साफ केला, कार्बन ब्रश नवे घातले. इतकी वर्षं पडून राहिला की फील्डमधलं, म्हणजे भोवतालच्या स्थिर भागातलं, उरलेलं चुंबकत्व जातं, म्हणून बॅटरीचा क्षणभर करंट दिला. मग दोन्ही टर्मिनल जोडून बॅटरी लावली, तसा तो मोटरीसारखा गरगर फिरायला लागला. आवाज एकदम स्वच्छ.

लगेच काकूंना फोन लावला आणि तो आवाज ऐकवला. पलीकडून थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, पुण्याच्या पोराची सही आली, लहान्याची सोमवारी होते, पंचेचाळीस चालते. मी ट्रॅक्टरवाल्याला मंगळवारची ट्रॉली सांगून ठेवली आहे. आज दुकानामागच्या शेडमध्ये खाली विटा रचतोय.