मशीन वाचतं, मग तुम्ही काय करता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नकार्यात, ट्रेनमध्ये, लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलांकडूनही हेच येतं: “डीएनए मशीनच वाचतं ना? मग तुम्ही बटण दाबण्यापलीकडे काय करता?”

मशीन फोटो काढतं. फ्लो सेलच्या काचेवर डीएनएच्या एकेका तुकड्याच्या असंख्य प्रती होऊन त्यांचा ठिपका बनतो. दर फेरीत डीएनएचं एकच अक्षर (ए, टी, जी किंवा सी) जोडलं जातं, ते चमकतं, फोटो निघतो, रंग धुतला जातो, की पुढची फेरी. तुकड्याच्या एका टोकाकडून 150 अक्षरं, दुसऱ्याकडून 150, आणि असे कोट्यवधी ठिपके एकाच वेळी. ठिपका कशाचा झालाय, हे मशीनला कळत नाही. ते लायब्ररी, म्हणजे मशीनमध्ये घालायचं तुकड्यांचं मिश्रण, तयार करताना ठरतं, आणि ती तपासणं माझं काम.

एक मुलगी सड्यावरच्या बेडकांची सॅम्पलं घेऊन आली होती. दोन पावसाळे फिरून गोळा केलेली, प्रत्येकात डीएनए जेमतेम. लायब्ररीतल्या तुकड्यांच्या लांबीच्या आलेखात 400 अक्षरांच्या आसपास छान उंच शिखर होतं आणि 120 जवळ एक छोटा उंचवटा. अ‍ॅडाप्टर, म्हणजे तुकड्याच्या दोन्ही टोकांना लावायचे डीएनएचे छोटे जोड, तुकडा मध्ये न घेता एकमेकांनाच चिकटले की तो दिसतो. मला तो दिसला होता. बीड्सनी, म्हणजे डीएनए धरून ठेवणाऱ्या बारीक चुंबकी मण्यांनी, पुन्हा साफ करायला हवं होतं. तिला घाई होती, मी म्हटलं, चालेल.

छोटे तुकडे काचेवर आधी जागा पकडतात. रन संपल्यावर फाइल उघडली, तर ओळीमागून ओळ: थोडा अ‍ॅडाप्टर, मग जी जी जी जी. आमच्या मशीनमध्ये दोनच रंग आहेत आणि जीला रंगच नाही. तुकडा संपून अंधार झाला की मशीन त्यालाही जी म्हणतं. निम्म्याहून जास्त रन असाच गेला. वापरलेला फ्लो सेल पुन्हा चालत नाही, आणि दुसऱ्यासाठी तिच्या प्रकल्पात पैसे उरले नव्हते. ती रडली नाही. “मॅडम, यातलं काही वापरता येईल का?” एवढंच विचारलं.

उंचवटा लहानच होता, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. होताही. पण बघून पुढे गेले ती मीच. आणि खरं सांगू? दर सफाईत थोडा डीएनए जातोच. पुन्हा केली असती तर कदाचित नळीत काही उरलंच नसतं. हे मी स्वतःला वाचवायला म्हणते की ते खरंच आहे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा असाच उंचवटा दिसला म्हणून एका मुलाला परत पाठवलं. तो चिडला. त्याच्याही नळीत थोडंच होतं.