मंद रिसेप्टर, चमकदार पीई

आजचा दिवस फ्लो सायटोमीटरपुढे (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजणारं यंत्र) गेला. पेशीवर रिसेप्टर (पृष्ठभागावरची संदेश पकडणारी प्रथिनं) मोजकेच, म्हणून यावेळी एफआयटीसी या मंद रंगद्रव्याऐवजी पीई हे जास्त चमकदार रंगद्रव्य जोडलेली, रिसेप्टरला चिकटणारी अँटीबॉडी घेतली. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर पडला की पीई ५७८च्या आसपास पिवळट-केशरी चमकते, आणि काय चमकते! हिस्टोग्रामच्या (किती पेशी किती चमकतात याचा आलेख) डोंगराला उजवीकडे, म्हणजे जास्त चमकेच्या बाजूला, मस्त खांदा फुटला. पण एवढ्यावर हुरळून जायचं नसतं. मेलेल्या पेशी वाट्टेल ती अँटीबॉडी चिकटवून घेतात. त्या गेटिंगमध्ये (हव्या तेवढ्याच पेशी मोजणीत निवडताना) वगळल्या तर निम्मा खांदा गायब. उरलेला मात्र एफएमओ कंट्रोलशी (बाकी सगळे रंग आहेत, फक्त पीई नाही असा नमुना) ताडला तरी जागचा हलला नाही. (नुसत्या आयसोटाइप कंट्रोलवर, म्हणजे त्याच जातीच्या पण हा रिसेप्टर न ओळखणाऱ्या अँटीबॉडीवर, लोक एवढे विसंबतात कसे, देव जाणे.) उद्या पेशी ताटलीवरून ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमऐवजी ईडीटीए या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या रसायनाने सोडवून बघणार. ट्रिप्सिन कधीकधी पृष्ठभागावरचे रिसेप्टरच छाटून टाकतं.